चारही भरलेच पाहिजेत!

आमच्या दुकानात काउंटरखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. त्यात जुन्या रॅमच्या पट्ट्या पडलेल्या असतात. कुणाच्या, कुठल्या मशीनमधल्या, जिवंत की मेलेल्या, देवाला ठाऊक. कामाला येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. किश्श्यांचं तसंच असतं. आपण गोळा करत नाही, गिऱ्हाईकच ठेवून जातं. सध्या माझ्या डब्याचं झाकण लागत नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

आधीच सांगून टाकतो. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं, हे आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक काकांना जाणून घ्यायचं असतं. ज्यांना स्वतःच्या मोबाईलचा अलार्म बंद करता येत नाही, ते लिफ्टमध्ये गाठून मला 'करिअर' समजावतात! लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाते, यांचं मार्गदर्शन चौथ्यालाच संपतं. मग उरलेले तीन मजले नुसते उसासे.

तर मी काम करतो तुर्भ्याला, मोरे काकांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. असेंबल करून देणे, दुरुस्त करणे, आणि गिऱ्हाईकाचं ऐकून घेणे. काका मूळचे साताऱ्याकडचे. आधी टीव्ही दुरुस्त करायचे. टीव्ही बिघडायचे बंद झाले तेव्हा कॉम्प्युटरकडे वळले. माणूस दिलदार, हात सोन्याचा, आणि डोकं? डोक्यात एकदा गोष्ट बसली की ती पाना-पकडीनेही निघत नाही.

काकांच्या डोक्यात बसलेली गोष्ट म्हणजे ही: मदरबोर्डवर रॅम लावायला चार स्लॉट असतात. ते चारही भरलेच पाहिजेत. एकही रिकामा ठेवून मशीन दुकानाबाहेर जाणार नाही.

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "काका, दोनमध्ये काम होतंय तर चार कशाला?"

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "काय रं, सासरी निघालेल्या पोरीची ओटी अर्धी भरतात का?"

आता या प्रश्नाला कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात उत्तर शिकवतात, सांगा!

*

पूर्वी यात काही बिघडत नव्हतं. जुन्या बोर्डांवर चार पट्ट्या सुखाने नांदायच्या. भानगड झाली ती नव्या पिढीच्या रॅममुळे. पट्टीच्या पाकिटावर वेग लिहिलेला असतो, ६०००. दोन लावा, सहा हजारावर पळतात. चार लावा, बोर्ड गुपचूप खाली उतरतो, थेट ३६०० वर! जबरदस्तीने वर चढवलं तर मशीन मध्येच मान टाकतं.

मी काकांना समजावलं. "काका, खाचा चार आहेत, पण रस्ते दोनच आहेत. एका रस्त्यावर दोन खाचा. एपीएमसी मार्केटच्या गल्लीत एक ट्रक असला तर सुसाट निघतो. त्याच गल्लीत दुसरा घुसवला की?"

"की काय?"

"की दोघंही हॉर्न वाजवत बसतात!"

काका विचारात पडले. मला वाटलं, चला, जिंकलो. मग म्हणाले, "अरे, पण एका गाडीला चार बैल जुंपले तर जोर वाढतो का घटतो?"

"जोर वाढतो काका, पण चाल सगळ्यात म्हाताऱ्या बैलाची राहते."

काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बैलाबद्दल बोलतोयस ना?"

*

ट्रकवालं हे उदाहरण मी पुढे प्रत्येक गिऱ्हाईकाला द्यायला लागलो. त्यातून एक गणपतशेठ प्रकरण घडलं.

गणपतशेठ म्हणजे मार्केटातले कांद्याचे व्यापारी. आवाज असा की गाळ्यात बोलले तर गोणीतल्या कांद्यांना रडू यावं. त्यांनी आमच्याकडून ऑफिससाठी मशीन घेतलं होतं, अर्थातच ओटी भरून. एके दिवशी तरातरा दुकानात आले.

"ओ मोरे! चार-चार पट्ट्या टाकल्यात आणि माझ्या भाच्याचं दोन पट्ट्यांचं मशीन जास्त पळतंय! हे काय गौडबंगाल?"

काका बाथरूमला गेले. (अशा वेळी काकांना नेहमी बाथरूमला होते.) मी शेठना ट्रकची गल्ली समजावली. शेठना ती लगेच पटली. त्यांचा जन्मच त्या गल्लीत गेलेला.

"म्हणजे दोन काढल्या की फास्ट?"

"फास्ट."

"माणसं जास्त, काम कमी. असंच ना?"

"अगदी असंच, शेठ."

शेठ विचार करत निघून गेले. मशीन आणलंच नाही. काही दिवसांनी परत आले ते हातात कांद्याची पिशवी घेऊन, आमच्यासाठी भेट! मी म्हटलं, "शेठ, मशीन आणा ना, दोन पट्ट्या काढून देतो."

"मशीन राहू दे रे. ऑफिसातली दोन माणसं काढली. काम काय पळतंय म्हणून सांगू!"

"कुणाला काढलं?"

शेठनी इकडेतिकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले, "दोन्ही मेहुणे."

*

या नव्या रॅमचं अजून एक नाटक असतं. पहिल्यांदा मशीन चालू केलं की स्क्रीन काळी. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काही नाही. मशीन बिघडलेलं नसतं. बोर्ड आत बसून पट्ट्यांशी ओळख करून घेत असतो. दोन पट्ट्या असतील तर लवकर आटपतो. चार असतील तर आपण चहा पिऊन यावं, एवढा वेळ. चारही मोठ्या असतील तर काही बोर्ड रोज नव्याने ओळख काढत बसतात.

पण आमच्या काकांना कुठला धीर! काळी स्क्रीन दिसली की बटण दाबून बंद. परत चालू. परत काळी. परत बंद. बोर्ड बिचारा दर वेळी ओळखपरेड पहिल्यापासून सुरू करणार! अख्खी दुपार काकांनी यात घालवली. मी सांगतोय, "काका, हात लावू नका," तर म्हणतात, "तू गप रे. तीस वर्षं लाईनीत आहे मी."

शेवटी वैतागून त्यांनी मशीनसमोर अगरबत्ती लावली, हात जोडले आणि जेवायला गेले. परत येऊन बघतात तर मशीन चालू!

"बघितलंस?" काका म्हणाले. "तुझं सायन्स दुपारभर हरलं. एका अगरबत्तीत काम झालं."

मी टेबलावर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. "काका, तुम्ही हात लावला नाहीत म्हणून झालं!"

"हात कुणी बांधून ठेवला? त्यानंच ना?" आणि भिंतीवरच्या गणपतीकडे बोट.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात प्रत्येक नव्या मशीनसमोर अगरबत्ती लागते. जळून संपेपर्यंत मशीनला कुणी शिवायचं नाही, असा कडक नियम. आणि सगळ्यात संतापजनक गोष्ट सांगू? एकही मशीन पुन्हा अडकलेलं नाही. चार पट्ट्यांची ओळखपरेड आणि एक अगरबत्ती, दोन्हींना साधारण सारखाच वेळ लागतो!

आता काका नसले की मीसुद्धा लावतो. चंदनाची चालत नाही, लवकर संपते. मोगऱ्याचीच लागते.

*

आमच्या सोसायटीत नाडकर्णी आजोबा आहेत. रिटायर्ड, कुठल्याशा कंपनीत मोठे साहेब होते. अजूनही आहेत, असं त्यांना वाटतं. सकाळी सगळ्यांना गुलाबाच्या फुलाचा फोटो पाठवणे आणि दुपारी कीर्तनाचे व्हिडिओ बघणे, एवढंच त्यांचं कॉम्प्युटरचं काम. ते दुकानात आले आणि खुर्चीत बसून ऑर्डर सोडली, "रॅम किती टाकता येते जास्तीत जास्त? तेवढी टाका."

"आजोबा, तुमच्या गुलाबाला एवढी लागत नाही हो."

"मला आजच्यासाठी नकोय. भविष्यासाठी हवीय."

भविष्यासाठी! दात काकांपेक्षा कमी, आणि भविष्य माझ्यापेक्षा मोठं! मी तोंड उघडणार एवढ्यात काकांनी माझा पाय दाबला.

तरी मी म्हटलंच, "एवढी टाकलीत तर उलट हळू होईल."

आजोबा हसले. "बाळ, आमच्या कॉलनीत पाणी एक तास यायचं. मी टाकी सगळ्यात मोठी बांधली. लोक हसले. नंतर तेच लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले."

"आजोबा, टाकी कितीही मोठी बांधा, नळाची धार बारीक झाली तर भरणार कधी?"

"आपल्याला घाई आहे का?" आजोबा म्हणाले.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस म्हणतोय घाई नाही आणि आपण बसलोय सेकंद वाचवत.

पण मी एक युक्ती काढली. बाजारात शोभेच्या पट्ट्या मिळतात. दिसायला डिट्टो रॅम, रंगीत दिवेसुद्धा लागतात, पण आत काही नाही. नुसता सांगाडा. काचेच्या कॅबिनेटमधून चार दिवे ओळीने दिसावेत, अशी हौस असणाऱ्यांसाठी. मी एक खोकं मागवलं आणि काकांसमोर ठेवलं. "काका, तोडगा! दोन खऱ्या लावू, दोन या. तुमची ओटी भरलेली, माझा स्पीड शाबूत. गिऱ्हाईकाला सांगून लावायच्या, बिल दोनचंच."

काकांनी एक पट्टी उचलली. हातात तोलली. चेहरा लाल झाला.

"रिकामी वस्तू घालून भरलं म्हणायचं? माझ्या दुकानात खोटं चालणार नाही! उचल हे!"

आणि खोकं स्वतःच्या हाताने माळ्यावर फेकलं. नाडकर्णी आजोबांना चार खऱ्या पट्ट्या गेल्या. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "मशीन उत्तम आहे. चालू करून अंघोळीला जातो, येईपर्यंत तयार असतं."

*

आता माझे बाबा. सरकारी कचेरीत नोकरी, डबा, छत्री, आणि मी म्हणजे त्यांच्या आयुष्यातली एकमेव न भरलेली जागा. पाहुण्यांना सांगतात, "मुलगा कॉम्प्युटर लाईनला आहे." पाहुणे गेले की मला, "कॉलेज सोडून काय दिवे लावलेस?"

मी एकदा चिडून म्हटलं, "दुकानात या, दाखवतो." आले. मी त्यांना काचेचं कॅबिनेट दाखवलं. निळे, जांभळे, हिरवे दिवे. बाबा वाकून बघत होते. जरा वेळ मला वाटलं, माणूस खूश झाला.

"हे सगळं तू जोडलंस?"

"हो."

"छान," बाबा म्हणाले. "डिग्री घेऊन जोडलं असतंस तर दिवे अजून चांगले लागले असते."

मग ते काकांकडे वळले. दोन म्हातारे एकत्र आले की तिसऱ्याचं काही खरं नसतं. बाबांनी विचारलं, "हा इथे काही शिकतो का हो?"

"शिकतो?" काका म्हणाले. "मलाच शिकवतो रोज. कान किटले."

"मग पाठवा ना त्याला परत कॉलेजला!"

काका माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

*

समीरा नावडे गावची. लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. आमच्या भागातली निम्मी लग्नं हिच्या हातून गेलेली. घरी ईद, आणि हिला मंगलाष्टका तोंडपाठ! भटजी कुठे श्वास घेतो, कुठल्या 'सावधान'ला फुलं उडतात, सगळं माहीत. एका भटजींना तर हिने गाळलेली ओळ फोन करून सांगितली होती.

तिचं मशीन आमचं. चार पट्ट्या. आणि काकांनी प्रेमापोटी सेटिंगमध्ये जाऊन त्यांना सहा हजारावर चढवलं होतं. ऐन सीझनला समीरा वादळासारखी आली.

"काका, हे काय दिलंय मला? सगळं नीट चालतं. आंतरपाट धरला, चालतं. मंगलाष्टका, चालतात. 'शुभमंगल सावधान' म्हटलं की मशीन बंद! चार लग्नं अडकलीत माझी. नवरा-नवरी हनिमूनहून परत आले, व्हिडिओत अजून आंतरपाटामागेच उभे आहेत!"

मी स्पीड खाली आणला. मशीन बंद पडायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी समीरा परत हजर.

"आता बंद पडत नाही. पण आधी पळत पळत पडायचं, आता रांगतंय. मला सीझन संपायच्या आत लग्नं द्यायचीयत. नाहीतर लोक दुसरीकडे जातील, मग मी पण दुसरीकडे जाईन. क्लिअर सांगते."

माझं डोकं फिरलं. मी काकांना सगळ्यांसमोर सुनावलं, "तुमच्या ओटीपायी पोरीचा धंदा बसेल! नियम बदला, नाहीतर मी चाललो!"

काका शांत. "कुठं जाशील?"

हा प्रश्न अवघड होता.

"लाव पैज," काका म्हणाले. "दोन नवी मशीनं बांधू. एक तू, दोन पट्ट्यांचं. एक मी, चार पट्ट्यांचं. मेमरी दोन्हीत सारखीच दिसेल, बाकी सामान सारखं. समीरा एकच लग्न दोन्हीवर चालवेल. तुझं आधी झालं तर माझा नियम कायमचा बंद. माझं आधी झालं तर तू कॉलेजला परत."

"मंजूर!" मी म्हटलं. म्हणणारच! चार पट्ट्या दोनला हरवू शकत नाहीत, हे बोर्डच्या पुस्तकातच छापलेलं असतं. हरायचा प्रश्नच नव्हता.

"आणि जिंकलेलं मशीन माझं," समीरा म्हणाली. "जुनं परत घ्या."

"आणि मी साक्षीदार," मागून आवाज आला. बाबा! यांना कुणी सांगितलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणजे कळलंय. सिद्ध करता येत नाही.

*

रविवारी पैज. बाबा सुट्टीचे कपडे घालून हजर, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"निकालाआधीच पेढे?" मी विचारलं.

"निकाल काय लागणार, मला माहीत आहे."

माझ्या दहावीच्या निकालानंतर या माणसाने पेढे आणले नव्हते! 'टक्के बघू, मग ठरवू' म्हणाले होते. अजून ठरवतायत.

नियम असा की कुणी कुणाच्या मशीनला हात लावायचा नाही. मी माझं बाहेर टेबलावर जोडलं, सगळ्यांसमोर, छाती काढून. काकांनी त्यांचं आत जोडलं, पडदा ओढून. मग बाहेर आणून माझ्या मशीनशेजारी ठेवलं. काचेतून चार दिवे ओळीने झळकत होते, मस्त. माझ्यात दोनच, मध्ये रिकाम्या खाचा. खरं सांगतो, दिसायला माझं मशीन दात पडलेल्या माणसासारखं दिसत होतं.

काकांनी अगरबत्ती लावली, मोगऱ्याची, आणि बटण दाबलं. अर्धीही जळली नव्हती आणि मशीन चालू झालं! चार पट्ट्या असून! मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण मी बाबांच्या पेढ्यांकडे रागाने बघत होतो.

समीराने दोन्हीकडे तेच लग्न लावलं, कुणातरी पनवेलच्या पाटलांचं. बँडवाले, वरात, घोडा, नाचणारे मामा, सगळं. मी तिला स्पष्ट सांगितलं, "बघ, यांचं घोड्यापाशीच दमणार."

दोन्ही स्क्रीनवर हिरव्या रेघा पुढे सरकायला लागल्या. माझी, काकांची. काकांची, माझी. वरात गेली. सीमांतपूजन गेलं. आंतरपाट आला. दोन्ही रेघा खांद्याला खांदा लावून!

मी काकांच्या मशीनच्या अगदी जवळ गेलो. "हात नाही!" समीरा ओरडली.

"हात कुठे लावतोय? ऐकतोय फक्त."

"काय ऐकतोस, मंगलाष्टका?"

शेवटचा तुकडा उरला. 'सावधान'. माझं वर्षभराचं बोलणं, लिफ्टमधले ते सगळे काका, कॉलेजचा तो पिवळा कॉरिडॉर, तिथे माझ्यापेक्षा लहान पोरांच्या बाकावर बसलेला मी, सगळं त्या रेघेत दिसायला लागलं. आणि काकांची रेघ केसभर आधी टोकाला पोचली.

"काका जिंकले!" समीरा म्हणाली. तिलाही विश्वास बसत नव्हता.

बाबांनी बॉक्सचा दोरा सोडला. सोडला म्हणजे तोडला.

"शक्यच नाही!" मी ओरडलो. पैज संपली होती, म्हणजे नियमही संपला होता. मी काकांचं मशीन बंद केलं, बाजूची काच काढली आणि पट्ट्या उपसायला लागलो. पहिली. दुसरी हातात आली आणि मी थांबलो. कागदासारखी हलकी! तिसरी नीट जड. चौथी परत हलकी.

मी स्टूल ओढून माळ्यावर बघितलं. खोकं होतं तिथेच, पण फोडलेलं.

"काका! यातल्या दोन शोभेच्या आहेत! खऱ्या दोनच, माझ्याएवढ्याच मोठ्या! तुम्ही तर म्हणाला होता, माझ्या दुकानात खोटं चालणार नाही!"

काकांनी अगरबत्तीची राख बोटाने सारखी केली. "ओटीत नारळ एकच असतो, लेका. बाकी तांदूळ. तांदूळ काय खोटे असतात व्हय?"

समीरा हसून हसून खुर्चीवर बसली. बाबांचा हात बॉक्समध्ये तसाच राहिला.

"म्हणजे मी बरोबर होतो!" मी बाबांकडे वळून ओरडलो. "ऐकलंत? दोनच भरायचे! मी जिंकलो! यांचा नियम गेला!"

"गेला," काका म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतोय? आजपासून दुकानात तुझा नियम. दोनच भरायचे."

"दोनच!"

"जास्त भरले तर चाल जाते."

"जातेच!"

"बाबांसमोर बोल परत."

"दोनच भरायचे! लिहून देतो!"

काकांनी बाबांच्या बॉक्समधला एक पेढा उचलला, माझ्या तोंडात कोंबला आणि माझं बोलणं बंद झाल्याची खात्री करून घेत दोन बोटं वर केली.

"झालं तर मग. एक सकाळचं कॉलेज. एक संध्याकाळचं दुकान."